फोन वाजला की चेहरा दिसावा: मोबाइलवर व्हिडिओ कॉलर आयडी लावण्याची पायरी-पायरीने माहिती

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांमध्ये एका फोनच्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये तीन लिप्या नांदतात. मुलाने इंग्रजीत सेव्ह केलेलं नाव, शेजारच्या बेननी गुजरातीत घालून दिलेला दूधवाल्याचा नंबर, आणि आजींनी स्वतः मराठीत लिहिलेलं 'ताई पुणे'. त्यात वय झालेलं, चष्मा हाताशी नाही, स्क्रीनवर बारीक अक्षरं. मग होतं असं की जो फोन येईल तो उचलला जातो, कारण नाव वाचायला वेळच नसतो. त्यातच एखादा 'तुमचं केवायसी संपलंय' म्हणणारा असतो.

नावाच्या जागी नातवाचा हात हलवणारा चेहरा दिसला तर वाचायची गरजच उरत नाही. म्हणून मी हा विषय मनावर घेतला, घरच्यांच्या आणि ओळखीपाळखीतल्यांच्या फोनवर हे लावून दिलं, आणि त्यात लोक कुठे अडतात ते पाहिलं. ते सगळं इथे क्रमाने लिहितो आहे. मेनूंची नावं इंग्रजी सेटिंगमध्ये जशी दिसतात तशीच दिली आहेत. तुमचा फोन गुजरातीत किंवा हिंदीत असेल तर तेवढ्यापुरती भाषा इंग्रजी करून घ्या, म्हणजे शोधाशोध वाचेल.

१. आधी एकच गोष्ट ठरवा: व्हिडिओ कोणाच्या स्क्रीनवर दिसायला हवा?

निम्मा गोंधळ इथेच होतो. 'व्हिडिओ कॉलर आयडी' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली: मला कोणाचा फोन आला की *माझ्या* स्क्रीनवर त्याचा व्हिडिओ किंवा फोटो दिसावा. हे सगळं माझ्याच फोनमध्ये लावायचं असतं. समोरच्याला काही करावं लागत नाही, त्याला कळतही नाही.

दुसरी: मी कोणाला फोन केला की *त्याच्या* स्क्रीनवर माझा व्हिडिओ दिसावा. हे माझ्या एकट्याच्या हातात नाही. दोघांकडे एकच अ‍ॅप हवं, किंवा दोघांकडे एकाच कंपनीचे फोन हवेत. साधा फोनचा कॉल आपल्याबरोबर व्हिडिओ घेऊन जात नाही. तो व्हिडिओ इंटरनेटवरून त्या अ‍ॅपमार्फत समोरच्याकडे पोहोचतो.

आजी-आजोबांसाठी करत असाल तर पहिलाच मार्ग धरा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्या फोनवर तुम्ही स्वतः बसून लावलेला चेहरा तुमच्या खात्रीचा असतो. दुसऱ्या मार्गाने येणारा चेहरा समोरच्याने निवडलेला असतो, आणि समोरचा कोण आहे हाच तर प्रश्न असतो. तरुण मंडळींना, दुकानदारांना, शिकवण्या घेणाऱ्यांना दुसरा मार्ग आवडतो आणि त्यात काही वावगं नाही. फक्त आपण कुठल्या मार्गाने चाललो आहोत ते माहीत हवं.

२. फोन कुठला आणि डायलर कुठला ते बघा

सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडून मॉडेल आणि अँड्रॉइडचं व्हर्जन बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॉल करायचं अ‍ॅप, म्हणजे डायलर, कोणाचा आहे ते. सॅमसंगमध्ये सॅमसंगचा स्वतःचा डायलर असतो. पिक्सेल, मोटोरोला आणि इतर अनेक अँड्रॉइड फोनमध्ये 'फोन बाय गुगल' असतो. आयफोनमध्ये अ‍ॅपलचाच. कॉल येतो तेव्हा जो पडदा उघडतो तो या डायलरचा असतो, म्हणून सगळं त्याच्यावर ठरतं.

थोडक्यात सांगायचं तर:

- सॅमसंग: स्वतःच्या स्क्रीनवर येणाऱ्या कॉलला व्हिडिओ लावता येतो, बाहेरचं अ‍ॅप लागत नाही.
- गुगलचा डायलर असलेले फोन: 'कॉलिंग कार्ड' नावाची सोय आहे. फोटो लागतो, व्हिडिओ नाही.
- आयफोन: 'कॉन्टॅक्ट पोस्टर' आहे. तोही फोटोच.
- आपला व्हिडिओ दुसऱ्याच्या अँड्रॉइडवर दाखवायचा असेल तर ट्रूकॉलरसारखं अ‍ॅप, आणि ते दोन्हीकडे हवं.

३. बसण्याआधी हाताशी काय हवं

- ज्याच्या फोनवर लावायचं तो फोन, निम्म्याहून जास्त चार्ज केलेला, आणि त्याचा पिन किंवा पॅटर्न.
- गुगल खात्याचा किंवा अ‍ॅपल आयडीचा पासवर्ड. बऱ्याच घरांत हे खातं भाच्याने उघडलेलं असतं आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. आधी त्याला विचारून घ्या.
- फोनमध्ये ते सिम चालू असलेलं, कारण अ‍ॅपमध्ये नोंदणी करताना त्या नंबरवर ओटीपी किंवा मिस्ड कॉल येतो.
- वायफाय किंवा चांगला मोबाइल डेटा.
- तपासणीसाठी दुसरा फोन आणि तो धरून बसणारा माणूस.
- छोटी क्लिप. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

कुठलंही ओळखपत्र लागत नाही. आधार, पॅन, बँकेचा तपशील असलं काही अ‍ॅप मागत असेल तर ते अ‍ॅप तिथल्या तिथे काढून टाका.

४. नंबर सिमवर आहेत की फोनमध्ये?

ही पायरी कोणी सांगत नाही आणि ज्येष्ठांच्या फोनवर सगळ्यात जास्त इथेच अडतं. जुन्या बटणाच्या फोनपासून चालत आलेले नंबर अजून सिमकार्डवर असतात. सिमवरच्या कॉन्टॅक्टला फोटो किंवा व्हिडिओ जोडता येत नाही, तिथे फक्त नाव आणि नंबर मावतो. तुम्ही फोटो लावायचा पर्याय शोधत बसता आणि तो दिसतच नाही.

कॉन्टॅक्ट अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'इम्पोर्ट' किंवा 'मॅनेज कॉन्टॅक्ट्स' शोधा, सिमवरचे नंबर गुगल खात्यात आणा. मग तिथेच 'मर्ज' करून दुबार नोंदी एकत्र करा. एकच नंबर 'बाळू' आणि 'बाळू नवीन' अशा दोन नावांनी असेल तर व्हिडिओ एकाला लागतो आणि कॉल आल्यावर दुसरंच नाव उगवतं.

परदेशी असलेल्या मुलांचे नंबर देशाच्या कोडसकट, अधिकच्या चिन्हाने सेव्ह करा. इथलेही नंबर अधिक ९१ लावून सेव्ह केलेले बरे.

५. क्लिप कशी काढायची

यावर वेळ घालवा. सेटिंग पाच मिनिटांत होते, पण क्लिप वाईट असेल तर चेहरा ओळखूच येत नाही आणि मग सगळी मेहनत वाया.

फोन उभा धरा. आडवी क्लिप लावली तर एक तर वर-खाली काळे पट्टे येतात, नाहीतर चेहऱ्याचा अर्धा भाग कापला जातो. उभ्या क्लिपचं प्रमाण ९ : १६ असतं, बहुतेक फोनमध्ये उभं धरून शूट केलं की तेच मिळतं.

चेहरा चौकटीच्या मधोमध घ्या. वरच्या भागात नाव आणि नंबर येतो, खालच्या भागात उचलायची आणि कापायची बटणं. म्हणजे दिसायला उरतो तो मधला पट्टा. कपाळ थेट वरच्या कडेला टेकलं असेल तर डोळ्यांवरच नाव येऊन बसतं.

उजेड समोरून हवा. आपल्याकडे सगळ्यांना सूरसागरच्या काठावर, मागे महादेवाची मूर्ती येईल असं उभं राहून क्लिप काढायची असते, तीही संध्याकाळी. मागचं आकाश लख्ख असतं आणि कॅमेरा त्याच्याशी जुळवून घेतो, त्यामुळे चेहरा काळाठिक्कर पडतो. उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडवताना काढलेल्या क्लिपचंही तेच. तिथेच काढायची असेल तर स्क्रीनवर आपल्या चेहऱ्यावर बोट टेकवा, कॅमेरा चेहऱ्याचा उजेड धरेल. आकाश पांढरं दिसलं तरी चालेल. नाहीतर सरळ सकाळी सयाजीबागेत झाडाच्या सावलीला जा, किंवा घरातच खिडकीकडे तोंड करून उभे राहा. खिडकीकडे पाठ नको.

एका क्लिपमध्ये एकच माणूस. गरब्याच्या मैदानावर दहा मैत्रिणींबरोबर काढलेली क्लिप स्टेटसला छान दिसते, पण आजीला त्यात फोन कोणाचा ते समजत नाही. गॉगल, मास्क, उन्हाची ओढणी काढून ठेवा. चेहरा बदलणारे फिल्टर वापरू नका. आजीच्या मनात तुमचा जो चेहरा आहे तोच दिसू द्या.

लांबी पाच-सहा सेकंद पुरे. पहिल्याच सेकंदाला चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. सुरुवातीला पाठमोरे चालत येऊन मग वळायचं, असलं काही नको, तोवर फोन उचललेला असतो. हात हलवा, हसा, नमस्कार करा. बोलण्यावर भिस्त ठेवू नका. कॉल येताना रिंगटोन वाजत असते, क्लिपमधलं बोलणं ऐकू जाईल असं धरून चालू नका.

क्लिपमध्ये काय येतंय ते एकदा नीट बघा. मागे घराचा नंबर, गाडीची नंबरप्लेट, मुलाच्या गणवेशावरचं शाळेचं नाव, गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र हे काही नको. घरच्या फोनवर लावायची असेल तर एकवेळ ठीक, पण अ‍ॅपमार्फत इतरांना दाखवायची असेल तर हे सगळं बाहेर जातं.

क्लिप एका फोनवरून दुसऱ्यावर पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखी पाठवली तर ती दाबली जाऊन धूसर होते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. दोन्ही अँड्रॉइड फोन शेजारी असतील तर 'क्विक शेअर' सगळ्यात सोपं. भाची आयफोनवर शूट करून पाठवणार असेल आणि तिची क्लिप इकडे उघडत नसेल, तर तिला कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरमॅट्स' खाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडून पुन्हा शूट करायला सांगा.

६. सॅमसंगवर: येणाऱ्या कॉलला व्हिडिओ

१) फोन अ‍ॅप उघडा, वरच्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'सेटिंग्ज' निवडा.

२) 'कॉल बॅकग्राउंड' उघडा. 'लेआउट' आणि 'बॅकग्राउंड' असे दोन भाग दिसतील. काही मॉडेलमध्ये हे 'कॉल डिस्प्ले'च्या जवळ असतं. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'कॉल बॅकग्राउंड' टाइप करा.

३) 'बॅकग्राउंड'मध्ये गॅलरीतून क्लिप निवडा. क्लिप १५ सेकंदांच्या आतली ठेवा, लांब असेल तर फोन ती कापायला सांगतो.

४) 'लेआउट'मध्ये कॉन्टॅक्टचा गोल फोटो दाखवायचा की नाही ते ठरवा. व्हिडिओच्या बरोब्बर मध्ये गोल फोटो बसला तर दोन्ही दिसत नाहीत, म्हणून तो बंद केलेला चांगला.

आता लक्षात घ्या, इथे लावलेली क्लिप *सगळ्या* कॉलना लागते. आजीला बाळूचा चेहरा बाळूच्याच कॉलला दिसायला हवा, गॅसवाल्याच्या कॉलला नाही. त्यासाठी नव्या वन यूआय (सॅमसंगचं स्वतःचं सॉफ्टवेअर) असलेल्या फोनमध्ये त्या माणसाचा कॉन्टॅक्ट उघडा आणि एडिटमध्ये किंवा तीन ठिपक्यांत कॉल बॅकग्राउंडचा पर्याय शोधा. तो असेल तर प्रत्येक माणसाला वेगळी क्लिप किंवा चित्र लावता येतं. जुन्या फोनवर तो पर्याय नसेल तर सगळ्यांसाठीची क्लिप लावूच नका. त्याऐवजी माणसागणिक मोठा, स्वच्छ फोटो लावा. चुकीच्या माणसाच्या कॉलला ओळखीचा चेहरा दिसणं हे चेहरा न दिसण्यापेक्षा वाईट.

आणखी एक जागा. फोन हातात घेऊन काही बघत असताना कॉल आला तर वरती छोटी पट्टी येते, पूर्ण पडदा येत नाही, त्यामुळे व्हिडिओ दिसत नाही. फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'कॉल डिस्प्ले' उघडा, तिथे अ‍ॅप वापरताना कॉल कसा दिसावा ते विचारलेलं असतं. 'फुल स्क्रीन' निवडा. ज्येष्ठांना याचा दुहेरी फायदा होतो, छोट्या पट्टीवरची बटणं त्यांच्या बोटाला सापडत नाहीत.

७. गुगल डायलर असलेल्या फोनवर: कॉलिंग कार्ड

गुगलने २०२५ मध्ये 'कॉलिंग कार्ड' आणलं. कॉन्टॅक्ट उघडा, कॉलिंग कार्डचा पर्याय दिसेल, त्यात फोटो निवडा, चौकट जुळवा, मग नावाच्या अक्षरांचा प्रकार आणि रंग ठरवा आणि सेव्ह करा. कॉल आला की तो फोटो पूर्ण पडद्यावर येतो. हे फक्त तुमच्या फोनवर दिसतं. व्हिडिओ नाही, पण खरं सांगायचं तर आजोबांना ओळख पटायला पडदाभर फोटो पुरतो. पर्याय दिसत नसेल तर प्ले स्टोअरमधून 'फोन' आणि 'कॉन्टॅक्ट्स' ही दोन्ही गुगल अ‍ॅप्स अपडेट करा.

याच फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'कॉलर आयडी अनाउन्समेंट' आहे. ते 'ऑलवेज' केलं की फोन वाजताना कॉल करणाऱ्याचं नाव मोठ्याने उच्चारलं जातं. दिसायला त्रास असणाऱ्यांसाठी फोटोच्या जोडीला हे जरूर लावा.

८. तुमचा व्हिडिओ दुसऱ्याला दिसावा म्हणून: ट्रूकॉलर

ही स्वीडनमध्ये २००९ साली सुरू झालेली कंपनी. व्हिडिओ कॉलर आयडीची सोय तिने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये, अँड्रॉइडसाठीच्या ट्रूकॉलर अ‍ॅपच्या बाराव्या आवृत्तीबरोबर आणली.

१) अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरमधून घ्या. नंबर टाकून नोंदणी करा. घरात दोन सिमचा फोन असेल तर नोंदणी त्याच सिमवर करा ज्यावरून तुम्ही नेहमी कॉल करता, आणि पुढे तपासणीचा कॉलही त्याच सिमवरून करा.

२) नाव आणि फोटो भरा. नाव खरं ठेवा. दुकानाचं नाव हवं असेल तर तेही चालेल, पण आडनाव-गाव-जन्मतारीख असं सगळं भरायची गरज नाही.

३) प्रोफाइल किंवा सेटिंग्जमध्ये 'व्हिडिओ कॉलर आयडी' शोधा. अ‍ॅपच्या अपडेटबरोबर याची जागा हलत असते, म्हणून दोन्हीकडे बघा. अ‍ॅपमध्ये तयार नमुने आहेत, आणि स्वतःचा छोटा व्हिडिओ रेकॉर्डही करता येतो. स्वतःचाच करा. तयार नमुना लावला तर आपण ओळखू यावं हा हेतूच राहत नाही.

४) त्याच भागात व्हिडिओ कोणाला दिसावा याच्याशी संबंधित पर्याय आहेत का ते बघा आणि शक्यतो आपल्या ओळखीच्यांपुरतंच ठेवा. रिक्षावाल्याला, कुरिअरवाल्याला फोन केला की त्यालाही आपला व्हिडिओ दिसतो का, हा विचार विशेषतः मुलींनी करावा.

समोरच्याला व्हिडिओ दिसण्यासाठी त्याच्याकडेही हेच अ‍ॅप हवं, त्याचं नेट चालू हवं, आणि पुढच्या पायरीतल्या परवानग्या त्याच्या फोनवर हव्यात. 'मी लावला तरी कोणालाच दिसत नाही' ही तक्रार जवळजवळ नेहमी समोरच्याच्या फोनवरच सुटते.

९. परवानग्या: गाडी इथेच अडते

अँड्रॉइड १० पासून 'कॉलर आयडी अँड स्पॅम अ‍ॅप' अशी वेगळी जागा आहे. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, 'डिफॉल्ट अ‍ॅप्स' असं जाऊन तिथे तुमचं अ‍ॅप निवडा. त्यासाठी डायलर बदलायची गरज नसते. अ‍ॅप 'मला डिफॉल्ट फोन अ‍ॅप करा' असं विचारेल, तर ज्येष्ठांच्या फोनवर नाही म्हणा. उचलायची बटणं एकदम वेगळ्या जागी गेली की त्यांना फोनच उचलता येत नाही.

मग 'डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स' चालू करा, म्हणजे कॉलच्या पडद्यावर अ‍ॅपला चित्र दाखवता येतं.

रेडमी, पोको यांवर एवढ्याने भागत नाही. अ‍ॅपच्या माहितीत 'अदर परमिशन्स' उघडा, 'शो ऑन लॉक स्क्रीन' आणि बॅकग्राउंडमध्ये पॉप-अप दाखवण्याची परवानगी ही दोन्ही द्या. 'ऑटोस्टार्ट' चालू करा, बॅटरी सेव्हर 'नो रिस्ट्रिक्शन्स'वर ठेवा. विवो, ओप्पो, रिअलमी यांवरही हेच वेगळ्या नावांनी असतं: बॅकग्राउंड पॉप-अप, फ्लोटिंग विंडो, ऑटो लाँच. दोन दिवस छान चाललं आणि मग बंद पडलं, असं झालं तर समजा की बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगने अ‍ॅपला झोपवलं आहे.

फोन, कॉन्टॅक्ट्स, नोटिफिकेशन्स, आणि स्वतः क्लिप काढणार असाल तर कॅमेरा, एवढ्या परवानग्या समजण्यासारख्या आहेत. चेहरा दाखवण्यासाठी 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी लागत नाही. ती दिली की अ‍ॅप तुमच्या पडद्यावरचं सगळं वाचू शकतं, बँकेच्या अ‍ॅपसकट. कुठल्याही अनोळखी 'कॉल थीम' अ‍ॅपने ती मागितली की मागे फिरा.

१०. आयफोनवर

आयओएस १७ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, 'कॉन्टॅक्ट पोस्टर' आहे. कॉन्टॅक्ट्समध्ये सगळ्यात वर 'माय कार्ड' उघडा, 'कॉन्टॅक्ट फोटो अँड पोस्टर'मध्ये जाऊन फोटो, मेमोजी (कार्टूनसारखा चेहरा) किंवा नुसती आद्याक्षरं निवडा. 'शेअर ऑटोमॅटिकली' खाली 'कॉन्टॅक्ट्स ओन्ली' ठेवा. हे पोस्टर फक्त दुसऱ्या आयफोनवर जातं. इथे व्हिडिओ लागत नाही, आणि लावून देतो म्हणणाऱ्या अ‍ॅपवर पैसे घालवू नका.

११. व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल वेगळे

पुण्याचा मुलगा, अमेरिकेची मुलगी हे फोन करतात तो बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथे वर लिहिलेलं काही लागू होत नाही. पडद्यावर येतो तो समोरच्याने स्वतः ठेवलेला प्रोफाइल फोटो. म्हणून मुलांनाच सांगा की डीपीला सूर्यास्त, गणपती, लेकराचा फोटो यांऐवजी स्वतःचा चेहरा ठेवा. अँड्रॉइडवर त्या माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅप माहितीत जाऊन त्याच्या कॉलची रिंगटोनही वेगळी ठेवता येते. चेहरा दिसायच्या आधी आवाजावरूनच कळतं.

१२. तपासणी करताना

फोन लॉक करून टेबलावर ठेवा, दुसऱ्या फोनवरून कॉल करा, पूर्ण वाजू द्या. मग तोच फोन उघडा ठेवून, काहीतरी बघत असताना पुन्हा कॉल करा. मग एकदा फोन बंद-चालू करून तिसऱ्यांदा. तिन्हींत दिसलं तर काम झालं. नंतर ज्याच्यासाठी केलं त्याच्या हातात फोन द्या आणि चष्मा न लावता ओळख पटते का ते विचारा. त्यांना उचलताना अडखळायला होत असेल तर क्लिप काढून साधा फोटो ठेवा.

१३. कशापासून सांभाळायचं

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, गाडीचं चलान, बँकेचं अपडेट अशा नावांनी एपीके फायली (प्ले स्टोअरला वगळून थेट अ‍ॅप बसवणाऱ्या फायली) फिरतात, तशाच 'व्हिडिओ कॉलर थीम' नावानेही पाठवता येतात. एपीके उघडायचीच नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी, कारण त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

आलेल्या कॉलवर दिसणारा चेहरा, नाव, पोलिसांचा गणवेश हा ओळखीचा पुरावा मानू नका. अ‍ॅपवर कोणीही कुठलंही नाव आणि चित्र ठेवू शकतो. सिमच्या नोंदणीतलं नाव कॉलबरोबर दाखवण्याची व्यवस्था वेगळी आहे. तिची शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये केली, आणि ती नावापुरतीच आहे, चेहऱ्याशी तिचा संबंध नाही.

घरात आजींना एकच नियम सांगून ठेवा: आपण बसवलेला चेहरा दिसला तर उचल, नाही दिसला तर वाजू दे, ज्याला काम असेल तो पुन्हा करेल किंवा निरोप ठेवेल. आणि चेहरा दिसला तरी पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून आपणहून त्या माणसाचा नंबर लावायचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

१४. फोन बदलताना किंवा हे सगळं काढताना

कॉन्टॅक्टला लावलेले फोटो गुगल खात्याबरोबर नव्या फोनवर येतात. सॅमसंगचं कॉल बॅकग्राउंड मात्र नव्या फोनवर एकदा तपासा आणि गरज पडली तर परत लावा, म्हणून मूळ क्लिपा एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. जुना फोन विकण्यापूर्वी अ‍ॅपमधला व्हिडिओ आधी काढा, मग फोन रिसेट करा. ट्रूकॉलर नुसतं अनइन्स्टॉल केलं तर खातं जात नाही. अ‍ॅपच्या सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी भागात जाऊन खातं डीॲक्टिव्हेट करा, आणि नंबरही यादीतून काढायचा असेल तर त्यानंतर कंपनीच्या वेबसाइटवरच्या 'अनलिस्ट' पानावर देशाच्या कोडसकट नंबर टाका. क्रम हाच ठेवा, कारण खातं चालू असताना नंबर यादीतून निघत नाही.